जयंतीचा केक, इसेन्सची बाटली आणि मोहाचे फूल



मार्च महिना लागला की या सदराकडे येणारी पत्रे एकाच गोष्टीविषयी असतात. १३ एप्रिलची रात्र, बाराचा ठोका, विहारापुढे जमलेली सारी वस्ती आणि टेबलावरचा केक. आमच्या लहानपणी जयंतीला केक नव्हता. बुंदी वाटली जायची, नाहीतर गूळ-फुटाणे. "केक कापणे ही आपली रीत आहे का?" असे विचारणारी वडील मंडळी आजही आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. ज्या लेकराचा स्वतःचा वाढदिवस घरात कधी झाला नाही, त्याच्या हातावर बाबासाहेबांच्या वाढदिवसाचा तुकडा पडतो, एवढे आम्हांला पुरे आहे.

यंदाच्या पत्रांपैकी दोन पत्रांवर लिहायचे ठरवले आहे. एक बल्लारपूरच्या भगिनीचे. त्या लिहितात, "घरी केलेल्या केकला कधी अंड्याचा, कधी सोड्याचा वास येतो. तो दाबायला इसेन्स जास्त घातला तर केक कडू लागतो. काय चुकते?" दुसरे पत्र गडचिरोली जिल्ह्यातून आहे. "व्हॅनिला इसेन्समध्ये दारू असते असे माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवले. आम्ही पंचशील घेणारी माणसे. मग असला केक बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवावा का?"

बल्लारपूरच्या पत्राचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी.

चव जिभेला कळते असे आपण म्हणतो, पण जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच कळते. व्हॅनिला, संत्रे, वेलची हे सारे नाकाचे काम. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून केकचा घास खाऊन पाहा. नुसता गोड मऊ गोळा लागेल. नाक सोडले की व्हॅनिला येईल. म्हणजे इसेन्स घालतो तो नाकासाठी, आणि नाकाला थोडेच पुरते. पाव किलो मैद्याच्या केकला चहाचा एक सपाट चमचा इसेन्स खूप झाला. बाजारातले इसेन्स तिखट असतात. वास गोड असला तरी खुद्द इसेन्स जिभेवर कडूच लागतो, म्हणून दुप्पट घातले की वास दुप्पट होत नाही, केक मात्र कडू होतो.

इसेन्स कधी घालायचा, हेही पाहावे. मैद्यात, सर्वांत शेवटी, घाईघाईने घालण्याची अनेकींना सवय आहे. वास धरून ठेवतो तो स्निग्ध पदार्थ, म्हणजे तूप, तेल, लोणी. म्हणून साखर आणि तेल घोटतानाच इसेन्स घालावा. आपण फोडणीत मसाला तेलात का घालतो? तेच कारण. केक होताना साऱ्या चाळीत वास दरवळला की आपण खूश होतो, पण जो वास चाळीत गेला तो केकमधून गेला, हे ध्यानात ठेवावे. आच मंद ठेवली तर तो थोडा कमी जातो.

सोड्याचा वास येतो तो सोडा जास्त झाल्याने, किंवा सोड्याला काम द्यायला आंबट काही नसल्याने. त्यावर इसेन्स हे औषध नव्हे. आमचे माप असे: मैदा दीड वाटी, पिठीसाखर एक वाटी, ताजे दही एक वाटी, तेल अर्धी वाटी, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, इसेन्स एक चमचा. चमचा म्हणजे चहाचा. अंडी नाहीत, त्यामुळे अंड्याचा वासही नाही, आणि विहारात सर्वांना चालते. दही-साखर घोटून त्यात सोडा व बेकिंग पावडर घालावी, पाच मिनिटांत फेस येतो. मग तेल, इसेन्स, शेवटी चाळलेला मैदा. कुकरचे रबर आणि शिटी काढून तळाशी दीड वाटी वाळू, त्यावर ताटली. दहा मिनिटे कुकर रिकामा तापवावा. मग डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास. तेल रिफाइंड घ्या. फल्लीचे घाण्याचे तेल भाजीला अमृत, पण केकला त्याचा वास मारतो. जवसाच्या तेलाचे नावच नको.

आता आयसिंग. इथे आपल्या जिल्ह्याचा एक निराळाच प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत लोण्याचे आयसिंग दिलेले असते, आणि एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. रात्री बारा वाजतासुद्धा भिंती गरम असतात. लोण्याचे आयसिंग भाषणे संपेपर्यंत ओघळून टेबलक्लॉथवर येते. आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. पाहुण्यांचे भाषण जरा लांबले आणि 'जय भीम' मधला 'भीम' खाली सरकून आला. तेव्हापासून आम्ही एप्रिलमध्ये साखर-पाण्याचेच आयसिंग करतो. एक वाटी बारीक पिठीसाखर, त्यात चार ते पाच चमचे पाणी, थेंबाथेंबाने. तासाभरात वाळून कडक होते, ओघळत नाही. या आयसिंगला आच लागत नाही, म्हणजे वास उडून जात नाही. म्हणून केकला एक चमचा इसेन्स, तर वाटीभर साखरेच्या आयसिंगला तीन-चार थेंब. इथेच बहुतेकींचे चुकते. दोन्हींकडे एकच माप घालतात.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीने वर्गणी काढून एका बेकरीतून पाच किलोचा केक आणला होता. अननसाचा म्हणून दिला. वास नेलपॉलिशसारखा. मुलांनी आयसिंग बोटाने बाजूला काढून ठेवले. अननसाच्या इसेन्समध्ये अननस नसतो. त्या फळाच्या वासासारखा वास असलेली रसायने असतात, आणि ती थोडी असली तर अननस, जास्त झाली तर नेलपॉलिश. रसायन म्हणून ते वाईट असे आमचे म्हणणे नाही, हात सैल सुटला एवढेच. पैसे मात्र वस्तीचे गेले. म्हणून यंदा महिला मंडळाने ठरवले की आठ घरी आठ कुकर लावायचे, आठही केक पाटावर जुळवून वरून आयसिंगने एक करायचे आणि त्याला संविधानाच्या पुस्तकाचा आकार द्यायचा.

निळा रंग हवा तर गोकर्णीची दहा-बारा निळी फुले अर्धी वाटी कढत पाण्यात टाकावी. दहा मिनिटांत पाणी गर्द निळे होते, त्याच पाण्यात साखर कालवावी. मात्र त्यात लिंबाचा रस घालू नये. थेंब पडताच निळ्याचे जांभळे होते. जयंतीला जांभळे घेऊन काय करायचे?

आता गडचिरोलीच्या भगिनीचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या बंदीसाठी २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर पायी गेलेल्या बायांत आपल्याही आयाबहिणी होत्या. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर, बाबासाहेबांनी स्वतः येऊन धम्मदीक्षा दिली ती आपल्या याच चांद्यात. तेव्हा असे प्रश्न आपल्या घरात पडले नाहीत तर कोणाच्या घरात पडतील?

खरे काय ते असे. व्हॅनिलाच्या शेंगा अल्कोहोलमध्ये भिजवून वास उतरवतात, तो व्हॅनिलाचा अर्क. अमेरिकेत 'शुद्ध अर्क' म्हणून विकायचा तर त्यात निदान ३५ टक्के अल्कोहोल असावे असा नियमच आहे. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी लहान बाटली अर्काची नसते, इसेन्सची असते. तिच्यात शेंग नसते, कारखान्यात तयार केलेले व्हॅनिलीन असते, आणि ते बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात किंवा पाण्यात मिसळलेले असते. काही इसेन्समध्ये अल्कोहोलही असते. बाटलीवर घटक छापलेले असतात. अक्षर बारीक असते, नातवाकडून वाचून घ्यावे. समजा अर्कच घेतला, तरी एका चमच्यात पावणेदोन मिलिलिटर अल्कोहोल, केक खाणारी माणसे वीस, आणि कुकरच्या आचेने त्यातले बरेचसे उडालेले. सगळे उडते असे मात्र नाही, आणि आच न लागलेल्या आयसिंगमध्ये तर ते राहते.

धम्मात याला आधार शोधायचा तर विनयपिटकातील महावग्ग पाहावा. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेलाचा काढा सांगितला, त्यात मद्य घालावे लागे. भगवंतांनी तेवढ्यापुरती परवानगी दिली. मग काही भिक्खूंनी त्या निमित्ताने मद्य भरपूर घातले आणि ते झिंगले. तेव्हा नियम झाला की मद्याचा रंग, वास किंवा चव कळणार नाही एवढेच असेल तर ते तेल प्यावे, जास्त असेल तर पिऊ नये. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजही आम्हांला चोख वाटते. व्हॅनिलाच्या केकमध्ये दारूचा रंग, वास, चव काही कळत नाही. आमच्या मते त्याने शील मोडत नाही. रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा केक मात्र याच कसोटीने बाहेर जातो, कारण तिथे दारूची चव हाच पदार्थ आहे. बाजारात दारूविना 'रम इसेन्स'ही मिळतो. तो आम्ही घेत नाही. लेकरांच्या जिभेला त्या चवीची ओळख आपण होऊन का करून द्यावी? आणि एवढे सांगूनही मनात किंतु राहिला तर इसेन्सची बाटली उघडूच नये. केकला वास लावायला आपल्याकडे दुसरे बरेच काही आहे. त्याकडे येतोच. पण व्हॅनिलाचा विषय निघालाच आहे तर एका मुलाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

व्हॅनिला ही मेक्सिकोतली वेल. युरोपच्या लोकांनी ती आपल्या वसाहतींत नेऊन लावली. वेल वाढे, फुले येत, पण शेंग धरत नसे, कारण परागीकरण करणारा तिथला कीटक इकडे नव्हता. मोठमोठे वनस्पतीतज्ज्ञ हात टेकून बसले. हिंदी महासागरात रियुनियन नावाचे बेट आहे, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातले. तिथे १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एक बारीक काडी घेतली, फुलातला मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवला. शेंग धरली. शाळा नाही, आडनाव नाही, मायबाप नाहीत असे ते लेकरू. मालक त्याला मळ्यामळ्यांतून फिरवून इतरांना ही युक्ती शिकवायला लावू लागला. पुढे रिशार नावाच्या गोऱ्या वनस्पतीतज्ज्ञाने ही युक्ती आपलीच असे सांगायला सुरुवात केली. एडमंडचा मालक, बेलिए-बोमाँ, त्याने मात्र लिहून ठेवले की हे काम या मुलाचेच. १८४८ मध्ये तिथली गुलामगिरी उठली, एडमंडला 'अल्बियस' हे आडनाव मिळाले, पैसा मिळाला नाही. १८८० साली तो गरिबीतच वारला. आजही व्हॅनिलाचे एकेक फूल असेच हाताने, काडीने परागित करतात. फूल उमलते एकच दिवस. म्हणून खरी व्हॅनिला एवढी महाग.

आणि स्वस्त व्हॅनिला? ती १८७४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाली. पुढे १९३० नंतर अमेरिका-कॅनडात ती कागदाच्या गिरण्यांच्या सांडपाण्यातून काढू लागले. लाकडात लिग्निन नावाचा चिकट भाग असतो, कागदाला तो नको असतो, त्यातून व्हॅनिलीन निघते. गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जाताना ज्यांनी उभा जन्म पाहिला, त्यांना ही गंमत कळेल. जुने पुस्तक उघडल्यावर पिवळ्या पानांना गोडसर वास येतो, तोही याच घराण्यातला. हल्ली बहुतेक व्हॅनिलीन खनिज तेलापासून करतात. नाकाला फरक फारसा कळत नाही, निदान केकमध्ये तरी नाही. तेव्हा स्वस्तातली बाटली वापरतो म्हणून कोणी कमीपणा मानू नये.

आता आमच्या महिला मंडळात काय झाले ते सांगतो.

बैठकीत आम्ही सुचवले, की यंदा बाटली नको, मोहाचा वास लावू. आमचा विचार असा होता. एप्रिल म्हणजे मोहफुलाचा हंगाम. पहाटे फुले टपटपतात, ऊन चढायच्या आत टोपलीत गोळा होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. चव मनुकांसारखी. दुष्काळात मोहाने माणसे जगवली. ज्या कायद्याने दारू बंद केली त्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात फुलांवरही बंधने होती. २०२१ साली राज्य शासनाने ती सैल केली. मग फुलाला दारूच्या नावाखाली किती दिवस ठेवायचे? (फुले वेचण्याच्या हक्काचा प्रश्न वेगळाच. २००६ च्या वनहक्क कायद्यात आपली बौद्ध कुटुंबे 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि त्यांच्याकडे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. त्यावर या अंकात नाही, पण लिहायचे आहे.)

आमचे बोलणे संपेपर्यंत सगळ्या गप्प होत्या. मग कोपऱ्यातून एक आजी बोलल्या, "काऊन बाई, बाबासाहेबाच्या फोटोपुढं मोहाचा वास ठेवता? त्या वासानं माह्या घरातली भांडी गेली."

एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजी, फूल का दारू असते? फुलाचा का गुन्हा?"

"फुलाचा गुन्हा नाई," आजी म्हणाल्या. "पन नाकाले कोन समजावन?"

या आजी २०१० च्या त्या पदयात्रेत चिमूरहून चालत गेल्या होत्या. त्यांच्यापुढे साखरेचे प्रमाण सांगण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही वेळ मागून घेतला आणि घरी येऊन पुस्तके काढली. काढली ती खरे तर आपली बाजू भक्कम करायला. झाले उलटेच. पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. विनयात मेरयाचा अर्थ देताना पहिलेच नाव आहे ते फुलांच्या आसवाचे. आणि महावग्गात, भिक्खूंनी कोणते रस प्यावेत हे सांगताना, सर्व फुलांचा रस चालेल असे म्हणून एकच फूल वगळले आहे. ते मधुक. मधूक हा मोहाचाच जुना शब्द.

हा नियम भिक्खूंच्या पेयाचा आहे, गृहस्थाच्या केकचा नाही, हे आम्हांला कळते. शिजवून घट्ट केलेला मोहाचा पाक आणि आंबवलेला मोह यांत दूध आणि विरजणाएवढा फरक आहे, हेही खरे. पोथीत लिहिले म्हणून मान तुकवायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. पण पिलिंदवच्छाच्या गोष्टीत जी कसोटी आम्ही वर चोख म्हटली, रंग, वास आणि चव यांची, तीच आजींनी आम्हांला लावली होती. त्यांच्या नाकाला तो वास दारूचाच होता. जयंतीच्या रात्री विहारात सगळ्यांत आधी येऊन झाडू मारणारी बाई नाकाला पदर लावून उभी राहणार असेल, तर तो केक कोणासाठी? दुसऱ्या बैठकीत आम्ही सूचना मागे घेतली. कॉलेजातल्या मुलीला ते पटले नाही. अजूनही पटलेले नाही, आणि तिचे म्हणणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

ठरले ते संत्र्याचे. मृग बहाराचा नागपुरी संत्रा मार्चपर्यंत बाजारात असतो आणि शेवटी शेवटी स्वस्त होतो. आपण गर खातो आणि साल फेकतो, पण वास सालीत असतो. साल दिव्याच्या ज्योतीजवळ दुमडून दाबली की बारीक ठिणग्या उडतात. ते सालीतले तेल. हेच केकला हवे. फळ मीठ-पाण्याने चोळून धुवावे, म्हणजे फवारणीचा अंश कमी होतो. मग किसणीवर वरचा नारिंगी भाग तेवढा किसावा. पांढरा भाग आला की कडू. दोन संत्र्यांची किसलेली साल एक वाटी साखरेत बोटांनी चोळावी, साखर ओलसर, नारिंगी होईपर्यंत. झाकून तासभर ठेवावी आणि मग हीच साखर मिक्सरमधून काढून केकला वापरावी. संत्र्याचा रस घालून तो वास येत नाही. रसाने केक आंबट आणि जड होतो. संत्री संपली असतील तर सावलीत वाळवलेल्या सालीची पूड, दीड वाटी मैद्याला एक चमचा. लिंबाची सालही याच रीतीने चालते. साल घातली तर गोकर्णीचा निळा रंग बदलत नाही, रसाने बदलतो.

वरून लावायला चारोळी. मंद भाजून, अर्धी जाडसर कुटून. जंगलातून चार वेचून, फोडून, बाजारात नेणाऱ्या घरात चारोळी खायला उरत नाही, सगळी विकली जाते. म्हणून मूठभरच घेतली, पण ती घेतली वेचणाऱ्या बाईकडून, दुकानातून नव्हे. भाजलेल्या चारोळीचा वास संत्र्याशी छान जमतो. वेलची मात्र सोबत घालू नये, ती दोघांनाही दाबून टाकते.

ऑक्टोबरसाठी आताच सांगून ठेवतो. दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबरला गर्दी होते तेव्हा सीताफळाचा हंगाम असतो, आणि अनेकजणी सीताफळाचा गर केकच्या पिठात घालतात. घालू नये. सीताफळ आचेवर कडवट होते आणि त्याचा वासही जातो. गर वेगळा काढून, आच न लावता, खव्यात किंवा दूध पावडरीच्या आयसिंगमध्ये कालवून वरून लावावा, आणि त्याच दिवशी संपवावा.

मोहाचा पाक आम्ही घरी केला, पुढच्या रविवारी, फक्त आमच्या माणसांसाठी. ज्यांच्या घरी या फुलाची कटू आठवण नाही त्यांनी करून पाहावा. वाळलेली फुले एक वाटी, आतले केसर काढून, दोनदा धुऊन. कोरड्या तव्यावर दोन मिनिटे हलवली की उग्र वास उतरतो. मग दोन वाट्या कोमट पाण्यात दोन तास भिजवून, त्याच पाण्यात पंधरा मिनिटे उकळून, फडक्यातून पिळून घ्यावे. उरलेले पाणी मधासारखे घट्ट होईस्तोवर आटवावे. पाव वाटीच्या आसपास पाक होतो. वर दिलेल्या केकमध्ये तो दोन मोठे चमचे घालून साखर तेवढी कमी करावी. इसेन्स लागत नाही. केक तपकिरी होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. उरलेला पाक फ्रीजमध्ये, आठवड्याच्या आत संपवायचा.

त्या रविवारी आजींची नात आमच्याकडे अभ्यासाला आली होती. तिने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. तिला न्यायला आजी आल्या. आम्ही पातेले झाकले, पण वास घरभर होताच. आजी दारातच उभ्या राहिल्या. केक खाल्ला नाही, आम्हीही आग्रह केला नाही. पातेल्याकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "किती टाइम भिजवलं?"

"दोन तास," आम्ही म्हटले.

"बरं केलं. रातभर नोको ठेवू. या उन्हात सकाळी फेस येते. फेस दिसला का सारं ओतून देजो, चव पाहत बसू नोको."